झाडं मोजण्याआधी माती मोजा

बेळगावातल्या अनगोळहून एका ताईंनी विचारलं आहे: घरासमोरचा रस्ता रुंद होणार आहे. कडेच्या नांदरूक, करंज आणि रेन ट्रीच्या खोडांवर पांढऱ्या रंगात नंबर पडलेत. चौकशी केली तर 'एका झाडामागे दहा लावणार आहोत' एवढंच उत्तर मिळतं. रस्ता नको असं गल्लीत कुणालाच म्हणायचं नाही, कारण रुग्णवाहिका आत वळत नाही आणि शाळा सुटली की कोंडी होते. तेव्हा शहराची वाढ आणि झाडं यांचा मेळ खरंच बसतो का, की ती फक्त भाषणात बोलायची गोष्ट आहे?

ताई, मेळ बसतो. मात्र करवत आल्यावर तो बसवता येत नाही. तो बसवायचा दिवस बराच आधी येऊन गेलेला असतो आणि त्या दिवशी तिथे आपल्यापैकी कुणी नसतं. पंचवीसेक वर्षं मी लँडस्केपचं काम करतोय. बेळगाव, निपाणी, खानापूर, कधी कोल्हापूर. लेआउट, कॉलेजांची आवारं, रस्त्यांच्या कडा असं सगळं केलं. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे ते असं: आपण झाडांची संख्या मोजत बसतो आणि झाड ज्यावर उभं राहतं ती उघडी माती कुणी मोजतच नाही. झाडं त्या मातीपायी जातात आणि ती वाचवण्याची जागा कागदावर, नकाशा आखतानाच असते.

रस्त्याचं काम कसं पुढे सरकतं ते आधी पाहू. सर्व्हे होतो, मध्यरेषा ठरते, गटार कुठल्या बाजूला ते ठरतं, एस्टिमेट होतं, टेंडर निघतं, कार्यादेश मिळतो. झाडं तोडण्याच्या परवानगीचा अर्ज या सगळ्यानंतर जातो. वृक्ष अधिकाऱ्यासमोर फाईल येते तेव्हा रस्ता ठरलेला, पैसे मंजूर झालेले आणि कंत्राटदाराची यंत्रं येऊन उभी असतात. अशा वेळी 'झाड की रस्ता' असाच प्रश्न उरतो आणि त्या प्रश्नात झाड हरतं. हाच प्रश्न मध्यरेषा आखताना विचारला असता तर रेषा दीड मीटर डावीकडे सरकवायला खर्चही आला नसता.

दोन मोठी उदाहरणं तुम्हाला आठवत असतील. बेंगळुरूत बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ असा पोलादी उड्डाणपूल होणार होता आणि ८१२ झाडं त्याच्या वाटेत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, काम सुरू होण्याआधीच आराखड्यावर वाद झाला आणि मार्च २०१७ मध्ये प्रकल्प मागे घेतला गेला. मुंबईत आरेमध्ये लोकांनी भांडण कमी केलं असं कुणी म्हणणार नाही. पण मेट्रोच्या कारशेडची जागा आणि आराखडा पक्का झालेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाचा निकाल लागला आणि त्या रात्रीपासून दोन हजारांहून अधिक झाडं पडली. दोन्हीकडे माणसं तळमळीने उभी राहिली होती. फरक पडला तो आराखडा कुठल्या टप्प्यावर होता याने.

आता मातीकडे येतो, कारण बहुतेक गैरसमज इथे आहेत. झाड जेवढं वर तेवढंच खाली असतं अशी आपली समजूत. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात, पण आडवी पसरतात ती फांद्यांच्या घेरापलीकडे, कधी दुप्पट अंतरापर्यंत. म्हणजे झाडाचं अर्धं अंग आपल्या पायाखाली, रस्त्याच्या कडेला, अगदी वर पसरलेलं असतं. जेसीबीचा बकेट तिथे तीन फूट खोल गेला की खोडाला ओरखडाही न उमटता झाड अर्धं कापलं जातं.

मोजायची एक साधी रीत सांगतो. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजा. त्याच्या साधारण चौपट अंतर खोडापासून सगळीकडे धरा. घेर दीड मीटर असेल तर सहा मीटर. एवढ्या वर्तुळात खोदाई, भराव, सिमेंट, वाळू-खडीचे ढीग काहीही येऊ नये, असं जगभर मानलं जातं. आपल्या गल्लीत सहा मीटर कुठून आणायचे? नाहीच मिळत. पण म्हणून शून्य का? कंपाउंडकडची बाजू तरी अखंड ठेवता येते. गटार समोरच्या कडेला नेता येतं. तेही जमत नसेल तर झाडाजवळचे चार-पाच मीटर यंत्राऐवजी पहार-फावड्याने खोदायचे, मनगटाएवढं मूळ लागलं की ते तोडायचं नाही, त्याच्या खालून पाइप सरकवायचा. मजुरीचा एखादा दिवस जास्त लागतो. रस्त्याच्या एकूण खर्चात तो कुठे दिसतही नाही.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला की बेळगावात झाडं पडतात, रिक्षा-मोटारी दबतात, तारा तुटतात आणि दुसऱ्या दिवशी 'वाऱ्याने झाड कोसळलं' अशी बातमी येते. अशा पडलेल्या झाडाजवळ गेलात तर एकदा मुळांकडे बघा. एका बाजूला मुळांचा झुपका मातीसकट वर आलेला असतो. दुसरी बाजू सरळ, भिंतीसारखी सपाट असते. तिथली मुळं टोकाला काळी पडलेली, कुजलेली, बोटाने दाबली तर भुसा होणारी. ती सपाट बाजू म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी गेलेल्या गटाराचा किंवा केबलचा चर. झाड त्याच दिवशी मारलं गेलं होतं, वाऱ्याने फक्त ते पाडलं. आणि मग लोकांच्या मनात झाडांचीच भीती बसते. 'पडण्याआधी तोडा' असे अर्ज येऊ लागतात. या भीतीला मी दोष देत नाही. मूल शाळेत सोडणाऱ्या आईला वर झुकलेली फांदी दिसते, खाली तुटलेलं मूळ दिसत नाही.

दुसरा प्रकार खोडाला चिकटवून घातलेल्या सिमेंटचा आणि पेव्हरचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. एक मीटर ही काही चैन नव्हे, ती किमान गरज आहे. तरी आपल्याकडे नवा काँक्रीट रस्ता झाला की भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं करून टाकतात आणि झाड बुंध्यापाशी आवळलं जातं. हे सिमेंट काढायला कुणाची परवानगी लागू नये, पण लागते. म्हणून सांगतो, स्वतः पहार घेऊन जाऊ नका. वॉर्ड इंजिनिअरला लेखी द्या, पोच घ्या.

हीच उघडी माती पाण्याचाही प्रश्न सोडवते आणि बेळगावात हा मुद्दा झाडांपेक्षाही जास्त लोकांना कळतो. हिशेब करून बघा. बारा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावर एका तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे वळवात तो सहज पडतो, तर त्या एका रस्त्यावर तीन लाख लिटर पाणी उतरतं. कडेला मातीचा पट्टा असेल तर त्यातलं बरंच तिथेच मुरतं. नसेल तर जवळजवळ सगळं गटारात, गटारातून बळ्ळारी नाल्यात आणि नाल्यातून शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात. ज्या भातशेतीने बेळगावच्या बासमतीला नाव दिलं तिथे पावसाळ्यात शहराचं पाणी तुंबतं, आणि शेतकरी लावणी वाया गेली म्हणून डोक्याला हात लावून बसतो. नाल्यातला गाळ काढा ही मागणी रास्तच आहे. पण नाल्यात एवढं पाणी एकदम येतं कुठून, हेही विचारायला हवं. ते आपल्या पेव्हर घातलेल्या अंगणांतून येतं.

आणि उन्हाळ्यात उलटं. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी दिवसाआड येवो की आठवड्याने, बेळगावच्या जुन्या वस्त्यांना विहिरींनी तारलंय. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर आजही आहे. विहिरीला पाणी येतं ते आसपासच्या जमिनीत मुरलेल्या पावसाचं. आपला तांबडा, जांभ्यावरचा पट्टा पाणी चांगलं मुरवतो. त्यावर आपण झाकण घालत चाललोय आणि मग बोअर आणखी खोल मारतोय.

आता 'एकाला दहा' या हिशेबाकडे. बारा मीटर पसाऱ्याच्या जुन्या नांदरुकाची सावली सुमारे ११३ चौरस मीटर भरते. त्याच्या बदल्यात लावलेल्या रोपाचा पसारा असतो एक मीटर, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या आसपास. दहा रोपं मिळून आठ चौरस मीटर. तीही सगळी जगली तर. बरं, ती दहा लावतात कुठे? बहुतेकदा गावाबाहेर, वनखात्याच्या किंवा गायरानाच्या जागेत. तुमच्या गल्लीतली सावली जाते, तुमच्या गल्लीतलं पाणी मुरायचं थांबतं आणि भरपाई पंधरा किलोमीटरवर होते. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं आणि त्याला झाडाच्या वयाने गुणायला सांगितलं. या आकड्यावर वाद घालता येईल. पण कुठल्याही एस्टिमेटमध्ये झाडाची किंमत आज लाकडाच्या भावाने धरतात, त्यापेक्षा तो सत्याच्या जवळ आहे.

नवी झाडं लावू नयेत असं नाही, लावलीच पाहिजेत. फक्त त्यांना मोठं व्हायला माती द्या. नेहमीचा खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, म्हणजे एक घनमीटर. मोठ्या झाडाला तीस घनमीटरच्या आसपास मोकळी, न दाबलेली माती लागते. खड्ड्याभोवती रोलरने दाबलेला मुरूम असेल तर रोप पाच-सहा वर्षं बरं वाढतं आणि मग थांबतं, नाहीतर मुळं वर काढून फूटपाथ उचकटतं. लोक म्हणतात झाडाने फूटपाथ फोडला. त्याला दुसरी वाट ठेवली होती का? सुटे खड्डे न घेता सलग चर घेतला, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल, वीस मीटर लांब, की तीस घनमीटर माती मिळते आणि त्यात दोन-तीन मध्यम झाडं मुळं एकमेकांत गुंतवून उभी राहतात. रस्त्याच्या कडेच्या पार्किंगच्या पट्ट्यात ही रुंदी सहज बसते. दर चार-पाच गाड्यांनंतर एका गाडीची जागा झाडाला दिली तरी गल्ली पुष्कळ बदलते.

कुठली झाडं? नर्सरीत जे स्वस्त आणि उंच मिळतं ते घेऊ नका. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. पिशवी फाडून बघा. तशी असतील तर परत करा, कारण ते झाड दहा वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी आवळलं जातं. गुलमोहर, सोनमोहर, स्पॅथोडिया फुलतात देखणे, पण लाकूड ठिसूळ. वळवात फांदी उतरणार. उद्यानात जरूर लावा, शाळेच्या फाटकाशी नको. रुंद रस्त्याला जांभूळ, करंज, सातवीण, आंबा, कडुनिंब. तारांखाली बहावा, कांचन, पारिजातक. गल्लीच्या टोकाला थोडी जागा असेल तर वड किंवा पिंपळ, एकच, पण त्याला पार बांधताना खोडाला चिकटवून बांधू नका. संबंध रस्त्याला एकच जात लावायची हौस टाळा. एक कीड आली की सगळी रांग जाते. आणि आठ-दहा फुटी कोनोकार्पसच्या हिरव्या भिंती अलीकडे लेआउटच्या कडेला दिसू लागल्यात, त्यावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. आपणही त्याच्या नादी लागू नये.

वीज कंपनीच्या छाटणीबद्दल थोडं. पावसाळ्याआधी हेस्कॉमची माणसं येऊन तारेकडची बाजू कापतात. सुरक्षेसाठी ते करावंच लागतं. पण दरवर्षी एकाच बाजूने कापलं की झाड दुसरीकडे कलतं. उघड्या तारांच्या जागी इन्सुलेटेड केबल घातली तर छाटणीची गरज खूप कमी होते, आणि रस्ता नव्याने होतोच आहे तर ही मागणी आत्ताच करायची. फांदी कापताना आधी खालून थोडी खाच, मग जरा पुढे वरून काप, शेवटी बुंध्याकडची कॉलर, म्हणजे फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर भाग, सोडून ठूठ काढायचं, एवढं गल्लीतल्या दोन पोरांनी शिकून घेतलं तरी साल सोलून निघणं थांबतं.

पुनर्रोपणाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण बैठकीत तो नक्की निघेल. 'झाड तोडत नाही, हलवतोय' हे ऐकायला बरं वाटतं. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही मंडळी हलवली तर बऱ्यापैकी तगतात. जुना आंबा, जांभूळ, चिंच यांची आशा थोडी. आणि ज्यांची आशा आहे त्यांनाही तयारी लागते. काही महिने आधी टप्प्याटप्प्याने मुळं छाटायची, नवी बारीक मुळं फुटू द्यायची, पावसाळ्याच्या तोंडाशी मातीच्या गड्ड्यासकट हलवायचं, पुढे दोन उन्हाळे पाणी. कंत्राटदार आठवड्यात क्रेन लावून, फांद्या बोडक्या करून, दुसरीकडे नेऊन रोवतो तेव्हा त्याला पुनर्रोपण म्हणू नका. खुंटासारखं उभं राहिलेलं खोड वर्षभर हिरवी पालवी दाखवतं, ती खोडात साठलेल्या अन्नावर. दुसऱ्या उन्हाळ्यात जाऊन बघितलं तरच खरं कळतं.

सगळी झाडं वाचवलीच पाहिजेत असंही मी म्हणणार नाही. तुमच्या रस्त्यावर एखादा रेन ट्री आतून पोकळ असेल, बुंध्याला कवकाच्या छत्र्या आल्या असतील, तर तो जाऊ द्या. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ गेली तर मी आडवा पडणार नाही. रस्त्यावर पन्नास झाडं असतील तर त्यातली कुठली दहा-बारा गल्लीचा कणा आहेत ते आधी ठरवा आणि त्यांच्यासाठी हटून बसा. सगळ्यांसाठी सारखंच भांडलं की सगळीच जातात.

रस्त्यांइतकाच मोठा प्रश्न नव्या वस्त्यांचा. आखणी करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१४ ची, त्यात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, किंवा जुन्या टिळकवाडीत राहणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून रीतसर खरेदीखताऐवजी बाँडवर विकलेल्या २० बाय ३० आणि ३० बाय ४० च्या प्लॉटांमध्ये जाऊन बघा. तिथे उद्यान नाही, मैदान नाही, दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर अडतात. ही घरं गरजेपोटी झालीत. कष्टकरी माणसाला शहरात दुसरीकडे जागा परवडत नव्हती. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पण त्या वस्त्या आता नियमित होतायत तर प्रत्येक वस्तीमागे एक-दोन प्लॉट तरी विकत घेऊन मोकळे ठेवा, असं महापालिकेला सांगायची हीच वेळ आहे. पाच वर्षांनी तिथला भाव कुणालाच झेपणार नाही.

बुडाच्या, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाच्या, रीतसर लेआउटमध्ये उद्यानाची जागा सोडलेली असते. ती रिकामी राहिली की तिच्यावर नजर जाते. आधी पाण्याची टाकी, मग समाजभवन, मग देऊळ, मग पार्किंग. प्रत्येक गोष्ट चांगलीच, त्यामुळे विरोध करणारा वाईट ठरतो. अशा वेळी दोन आधार लक्षात ठेवा. कर्नाटकात उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी १९८५ चा कायदा आहे. आणि बेंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला इस्पितळासाठी दिली होती, उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो व्यवहार सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दच ठेवला. इस्पितळासारखी लोकोपयोगी गोष्टसुद्धा उद्यानाच्या जागेवर आणता येत नाही, असं त्या निकालाने सांगितलं. पण निकालापेक्षा कुंपण आणि चार झाडं जास्त उपयोगी पडतात. जागा वापरात असली की ती मागायला कुणी धजावत नाही. वेळ असेल त्या रविवारी मुलांना घेऊन तिथे खेळायला लागा.

कॅम्पबद्दल मला काळजी वाटते ती वेगळी. तिथली सावली टिकली, कारण दीडशेहून जास्त वर्षं ती जमीन बाजारात आली नाही. व्हॅक्सिन डेपोचंही तेच. मोठं, सलग, उघड्या मातीचं आवार शहराच्या मधोमध उरलं ते सरकारी असल्यामुळे, आणि स्मार्ट सिटीच्या बांधकामांनी तिथे शिरकाव केला तेव्हा टिळकवाडीचे नागरिक विरोधात उभे राहिले ते योग्यच केलं. छावणीचा नागरी भाग महापालिकेत घेण्याची चर्चा चालू आहे. तसं होणार असेल तर हस्तांतराच्या कागदावरच प्रत्येक बंगल्याची झाडं आणि मोकळी जागा नोंदवून घ्यायला हवी. एकदा तिथे शहराचे बांधकाम नियम लागू झाले की टिळकवाडीच्या बंगल्यांचं जे झालं तेच होईल. बंगला गेला याचं दुःख नाही, अपार्टमेंटमध्ये बारा कुटुंबांना घर मिळतं. दुःख तळघराचं आहे. पार्किंगचं तळघर प्लॉटच्या या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत खणतात आणि कोपऱ्यातला फणस कागदावर 'राखलेला' असूनही मरतो. हिंदवाडीत एका कामात कडेच्या जांभळासाठी आम्ही तळघर एका बाजूने चार मीटर आत घेतलं आणि रॅम्प फिरवला. दोन गाड्यांची जागा गेली. बिल्डर आधी कुरकुरला. नंतर त्याच जांभळाच्या सावलीकडचे फ्लॅट आधी विकले गेले, आणि पुढच्या प्लॉटवर त्याने मला खणण्याआधी बोलावलं.

शेतजमिनीचा मुद्दा इथेच येतो. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. ते फक्त आपल्या उताऱ्यासाठी लढत होते असं मी मानत नाही. शहराभोवतीचं भाताचं शिवार हे बेळगावचं सर्वांत मोठं मोकळं मैदान आहे, पाणी साठवणारं आणि हवा थंड ठेवणारं. आराखड्यात ते 'पिवळं' रंगवलं की ते रहिवासी झालं, आणि मग कुठल्याही उद्यानाने त्याची भरपाई होत नाही.

खानापूर आणि निपाणीबद्दल थोडक्यात. खानापूरला मलप्रभेचा काठ आणि पाठीशी भीमगडचं जंगल आहे, म्हणून तिथे 'झाडांना काय तोटा' असं म्हणतात. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या कडेची जुनी झाडं चौपदरीकरणात गेली तेव्हा त्या वाटेने रोज जाणाऱ्यांना तोटा काय असतो ते कळलं. जंगल पाठीशी असलं तरी बसस्टँडसमोर सावली लागतेच. निपाणीला अजून वेळ आहे. जवाहर तलावाच्या वरचे उतार मोकळे ठेवले तर तलाव गाळाने भरणार नाही, एवढं एक काम केलं तरी पुष्कळ.

आता तुमच्या रस्त्याचं. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, सरकारी कामालाही. हा अधिकारी वनखात्याचा असतो. नारळ, सुरू, निलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही जाती वगळल्यात. नांदरूक आणि करंज त्यात नाहीत. पन्नासपेक्षा जास्त झाडं जाणार असतील तर जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. काम तुकड्यांत दाखवून प्रत्येक तुकड्यात पन्नासच्या आत आकडा ठेवलेला नाही ना, ते तपासा. सूचना बहुतेक वेळा कन्नडमध्ये असते. ती नीट वाचून घ्या, हरकतही कन्नडमध्ये द्या, आणि सही करायला गल्लीतली कन्नड, उर्दू बोलणारी घरंही बरोबर घ्या. सीमाभागात कुठलाही प्रश्न भाषेच्या खोड्यात अडकायला वेळ लागत नाही, आणि एकदा अडकला की झाडं बाजूलाच राहतात. अर्जावर सगळ्या घरांची नावं असली तर तशी संधीच मिळत नाही.

हरकतीत 'झाडं तोडू नका' एवढंच लिहून भागणार नाही. नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. त्यावर प्रत्येक झाडाची जागा, घेर आणि कंपाउंडपासूनचं अंतर टाका. मग मागण्या स्पष्ट लिहा: अमुक दहा झाडांपाशी गटार समोरच्या बाजूला, तिथे हाताने खोदाई, बुंध्याभोवती किमान एक मीटर उघडी माती, कडेला सलग मातीचा चर, उघड्या तारांऐवजी केबल. रुग्णवाहिकेसाठी सबंध रस्ता रुंद व्हायची गरज नसते. वळणाचा कोपरा कापला आणि दोन्हीकडचं पार्किंग एकीकडे आणलं तरी ती वळते. हे इंजिनिअरला जागेवर चालवून दाखवा. तो माणूसही इथलाच असतो, त्यालाही सावलीत गाडी लावायची असते. त्याला पर्याय हातात दिला तर तो वरिष्ठांपुढे मांडू शकतो. नुसता विरोध त्याला मांडता येत नाही.

नव्या झाडांसाठी टेंडरमध्ये एक अट घालायला सांगा: लागवडीचे सगळे पैसे लावल्यावर द्यायचे नाहीत. ठरावीक हिस्सा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जेवढी जगली तेवढ्यांचाच. ही अट नसेल तर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, फोटो निघतो आणि पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात दुसरं रोप येतं. पाण्याची जबाबदारी गल्लीच्या मंडळाने घ्यावी. गणपतीत अकरा दिवस रात्रंदिवस राबणाऱ्या पोरांना आठवड्याला एका झाडाला दोन घागरी जड नाहीत. जानेवारी ते मे एवढंच सांभाळायचं, पुढे पाऊस बघतो. आणि मंडळाचे बॅनर झाडाला खिळे मारून लावायचे नाहीत, एवढं आपल्याच घरातून सुरू करता येईल.

या आठवड्यात दोन कामं करा. टेप घेऊन घेर मोजा आणि कुठल्या झाडाची कुठली बाजू आधीच खणलेली आहे ते लिहून ठेवा. कार्यादेश निघालाय की नाही ते वॉर्ड ऑफिसात विचारा. निघाला नसेल तर वेळ आहे. निघाला असेल तरी गटाराची बाजू बदलता येते, फक्त पत्र उद्याच गेलं पाहिजे. नकाशा हाती आला की मला दाखवा. वळीव सुरू व्हायच्या आत एकदा अनगोळला येऊन तुमच्याबरोबर रस्ता चालून बघतो.